शंभरपर्यंत म्हणता येतं, पण पाच मोजता येतात का?

बालवर्गातल्या मुलांचे आईबाबा कौतुकाने सांगतात, "हिला शंभरपर्यंत येतं." मी बटणांचा डबा पुढे करते आणि मुलीला म्हणते, "मला पाच दे बघू." बरीच मुलं मूठभर बटणं हातात ठेवतात. आकडे ओळीने म्हणणं हे पाठांतर आहे. ते हवंच, पण मोजणं वेगळं शिकवावं लागतं.

मोजताना बोट एका बटणावर असतं आणि तोंड दोन आकडे पुढे गेलेलं असतं. म्हणून नुसतं बोट ठेवायला लावू नका. एकेक बटण उचलून वाटीत टाकू द्या. एक बटण, एक आकडा. मोजून झालं की विचारा, "मग किती आहेत?" मूल पुन्हा एकपासून सुरू झालं, तर शेवटचा आकडा म्हणजे सगळ्यांची संख्या, हे अजून उमगलेलं नाही. रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८मध्ये मोजण्याची जी पाच तत्त्वं मांडली, त्यात हेही आहे. अशा वेळी "चुकलं" म्हणू नका. आपण मोजून दाखवायचं आणि सगळ्या बटणांभोवती हात फिरवून म्हणायचं, "एक, दोन, तीन, चार. ही सगळी मिळून चार." रोज, न कंटाळता.

दोन-तीन वस्तू मात्र मोजायला लावू नका. तेवढ्या नजरेतच कळतात, आणि ती नजर पुढे फार कामाला येते. फाशावरचे ठिपके त्यासाठी उत्तम.

माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो लपवाछपवीत. पाच बटणं मोजून घ्यायची, मुलाने डोळे मिटायचे, आपण काही वाटीखाली झाकायची. "दोन दिसतायत. आत किती?" आधी मूल अंदाज ठोकतं, मग बोटांवर करून बघतं, आणि एक दिवस वाटी उचलायच्या आधीच "तीन!" म्हणतं. पाच पक्के झाले की सहा, असं करत दहापर्यंत. घाई अजिबात नको. दहाच्या जोड्या अशा हातात बसल्या की आठ अधिक पाच करताना मूल पाचातले दोन आठाला देतं, दहा पुरे करतं आणि उरलेले तीन जोडून तेरा सांगतं. ही रीत नुसती सांगून येत नाही.

बेरजेत मुलं दोन्ही ढीग एकपासून मोजतात. त्यावर उपाय सोपा आहे. सात बटणं झाकणाच्या डबीत बंद करा, वर ७ लिहा, तीन बाहेर ठेवा. आतली दिसतच नाहीत, म्हणून मूल डबीवर हात ठेवून "सात" म्हणतं आणि पुढे आठ, नऊ, दहा. पहिल्या सुट्या बटणालाच "सात" म्हटलं की उत्तर नऊ येतं. तिथे लक्ष ठेवा. वजाबाकीत "किती उरले?" इतकंच "किती जास्त आहेत?" हेही विचारा. दोन रांगा समोरासमोर लावल्या की फरक दिसतो.

दहाच्या पुढे काड्या आणि रबरबँड. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी बोलतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो, त्यामुळे ५२ लिहिणारं मूल नीट ऐकूनच लिहीत असतं. त्याला दहादहाच्या जुड्या स्वतः बांधू द्या. दोन जुड्या डावीकडे, पाच सुट्या उजवीकडे, आणि त्यांच्याखाली अंक. एकोणतीसला एक काडी कमी पडल्यामुळे तिसरी जुडी होत नाही, हे हाताला कळतं.

बोटांवर मोजलं तर मोजू द्या. पाटी-पेन्सिल सगळ्यात शेवटी. आणि उत्तर बरोबर आलं तरी विचारा, "कसं काढलंस?"