मोटारीच्या मशीनवर ताकदीचा व्यायाम: उतरतं वजन कसं लावायचं

लोखंडी प्लेटा नसलेली मशिनं आता आपल्या नाशिकमध्येही दिसायला लागली आहेत. गंगापूर रोड, पाथर्डी फाट्याच्या नव्या सोसायट्यांत आणि काहींच्या घरातसुद्धा. पेटीत एक मोटार, तिच्या ड्रमवर गुंडाळलेली केबल आणि पडद्यावर किलोचा आकडा. मोटारीला जितका करंट मिळेल तितकी केबल ओढ देते, आणि हा करंट आतला कॉम्प्युटर क्षणाक्षणाला बदलतो. म्हणून एकाच रेपमध्ये, म्हणजे एकदा उचलून खाली आणण्यात, वजन कमी-जास्त होऊ शकतं. उचलताना २० किलो आणि खाली सोडताना २५, यालाच मी उतरतं वजन म्हणते, आणि हे एकट्या माणसाला लोखंडावर सहज करता येत नाही.

मशीन बसवणारा माणूस मात्र दहा मिनिटांत बटणं दाखवतो आणि "मोड निवडा, सुरू करा" म्हणून निघून जातो. यूट्यूबवरचे व्हिडिओही तेच सांगतात. मग पंधरा दिवसांत कुणाचं कोपर धरतं, कुणाचा खांदा, आणि हजारो रुपयांच्या मशीनवर टॉवेल वाळत पडतात. मला या सल्ल्याचा मनापासून राग येतो, म्हणून माझी पद्धत क्रमाने सांगते.

१. भिंत आणि लाईट

भिंतीवर बसणारं मशीन असेल तर आधी भिंत कशाची आहे ते बघा. नव्या इमारतींत बऱ्याच भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात. अशा भिंतीत साधा फास्टनर ठोकून त्यावर माणसाची ओढ टाकू नका. आरसीसी कॉलम शोधा, नाहीतर फॅब्रिकेटरकडून जमिनीपासून लोखंडी फ्रेम करून घ्या. बाहेरून मागवलेलं मशीन आपल्या २३० व्होल्टवर चालतं का, ते पेटीवर वाचा. अर्थिंग असलेला स्वतंत्र पॉइंट घ्या. एक्स्टेंशन बोर्ड नको.

लाईट गेली की बहुतेक मशिनांत केबलची ओढ जागच्या जागी संपते. तुम्ही मागे रेलून केबल ओढत असाल तर सरळ पाठीवर पडाल. त्यामुळे पाय कायम पुढे-मागे ठेवून उभं राहायचं आणि मागे फर्निचर ठेवायचं नाही. ढगांचा गडगडाट चालू असताना मशीन बंद ठेवा.

२. शरीर गरम करणं

दहा मिनिटं. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून बोचरा वारा येतो तेव्हा पंधरा.

३. वजनाचा आकडा

"ताई, जिममध्ये मी पन्नास किलो ओढतो, इथे तिसालाच दम निघतो. मशीन बिघडलंय का?" हा प्रश्न मला हमखास येतो. मशीन ठीक असतं. जिममधल्या कितीतरी केबल मशिनांना दुहेरी पुली असते, म्हणजे पन्नासची पिन लावली तरी हाताला पंचवीसच येतात. शिवाय लोखंडाला एकदा झटका दिला की ते स्वतःच्या वेगाने थोडं वर जातं, आणि खाली येताना पुली व दांड्यांचं घर्षण तुमच्या बाजूने काम करतं. मोटारीच्या मशीनमध्ये हलणारं वस्तुमान थोडं, घर्षण थोडं. झोका देऊन काही मिळत नाही.

म्हणून जिममधला आकडा विसरा. ज्या वजनावर १२ रेप स्वच्छ होतात आणि शेवटी आणखी ३ झाले असते असं वाटतं, ते तुमचं वजन. काही मशिनं पहिल्या दिवशी ताकदीची परीक्षा घेतात. चार-पाच रेपचा वेग मोजून ती तुमची कमाल ताकद ठरवतात. हिशेब हुशारीचा आहे, पण तुमचा डावा खांदा मागच्या वर्षी आखडला होता हे त्याला कुठून कळणार? तो जे वजन सुचवेल त्याच्या ७० टक्क्यांवर सुरुवात करा.

४. हालचालीची हद्द शिकवणं

इथून खरं काम सुरू होतं. बऱ्याच मशिनांत सेटचे, म्हणजे सलग रेपांच्या एका फेरीचे, पहिले दोन-तीन रेप जवळजवळ बिनवजनाचे असतात. त्या रेपांत मशीन तुमचा सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा बिंदू नोंदवून घेतं आणि पुढचा सगळा सेट त्या दोन बिंदूंच्या मधे खेळतं. लोक नेमके हेच रेप घाईने उरकतात. कुणी अर्ध्यातून परत येतं, कुणी हात पार ताणून खांदा सांध्यातून पुढे ओढला जाईपर्यंत खाली जातं. मग मशीन त्या ताणलेल्या टोकापर्यंत पूर्ण वजन टिकवून धरतं, आणि दुखापत तिथेच होते.

माझं ठाम मत आहे की खालची हद्द मुद्दाम चार बोटं आधी संपवावी. हात पूर्ण सरळ होण्याच्या जरा आधी थांबा, एक श्वास घ्या, मग वर जा. हे रेप पुढच्या रेपांच्या वेगानेच करायचे. जमिनीवर पाय कुठे होते तिथे रंगीत टेप चिकटवा. सेटच्या मधे पाय अर्धी फरशी मागे सरकला तरी सगळी हद्द सरकते. असं झालं तर रेप पुरे करण्याच्या नादात राहू नका, वजन बंद करा आणि हद्द पुन्हा शिकवा.

वजन चालू-बंद करण्याचं बटण हँडलवर असेल तर ते दाबायची जागाही ठरलेली असावी. स्नायू ताणलेल्या टोकाला असताना कधीच चालू करायचं नाही. कोपर थोडं वाकलेलं, पोट आवळलेलं, तेव्हाच.

५. उतरतं वजन

पडद्यावर याला एक्सेंट्रिक म्हटलेलं असतं. स्नायू लांब होत होत भार धरून ठेवतो तो भाग. या भागात माणूस उचलण्यापेक्षा जास्त भार पेलू शकतो, हे खरंच आहे, आणि या मशिनांची खरी किंमत त्यातच आहे. पण स्नायूच्या तंतूंना सर्वांत जास्त इजाही याच भागात होते. ब्रह्मगिरीच्या पायऱ्या चढताना छातीचा भाता होतो, तरी दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या उतरल्यामुळे. पांडवलेणीवर रोज जाणाऱ्याला तो त्रास होत नाही, कारण त्याच्या मांड्यांना उतरायची सवय असते. ही सवय हळूहळूच लागते, आणि मशीनवर तिला बटणाने घाई करता येत नाही.

मला हे नीट जमायला आणि दुसऱ्याला शिकवता यायला बराच काळ लागला. अडचण आकड्यात नव्हती, वळणावर होती. हात वर पोचतो आणि परत फिरतो त्या क्षणी मशीन जास्तीचं वजन चढवतं. हात फिरला हे ते केबलच्या दिशेवरून ओळखतं. आता वर पोचल्यावर हात थरथरत असेल तर केबल दोन-चार मिलिमीटर मागे-पुढे होते. मशीनला वाटतं, हात फिरला. ते वजन चढवतं, मग काढतं, मग पुन्हा चढवतं. हातात बारीक हिसके जाणवतात आणि मनगट ते हिसके झेलत बसतं. हिसके जाणवले म्हणजे वजन जास्त आहे. मूळ वजन २ किलोने कमी करा, हिसके बहुधा थांबतात. तरी थांबले नाहीत आणि सेटिंगमध्ये जास्तीचं वजन हळूहळू चढवायची सोय असेल, तर ती चालू करा.

आता पद्धत. पहिले दोन आठवडे जास्तीचं वजन शून्य. फक्त साधं वजन, पण खाली येताना मनात "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणत पूर्ण चार सेकंद. हे कंटाळवाणं वाटलं तरी टाळायचं नाही. चार सेकंदांतला शेवटचा सेकंद निसटतो का ते बघा. बहुतेकांचा निसटतो, वरचे तीन सेकंद छान आणि शेवटी हात धपकन जातो. तो सेकंद हातात येईपर्यंत पुढे जाऊ नका.

तिसऱ्या आठवड्यापासून १० टक्के. उचलताना २० किलो असेल तर उतरताना २२. फक्त दोन व्यायामांना, एक ओढण्याचा आणि एक पायांचा. प्रत्येकी २ सेट, ८ रेप. वर पोचल्यावर पूर्ण एक सेकंद स्थिर थांबा, मशीनला वळण स्पष्ट कळू द्या, मग सोडायला लागा. श्वास कोंडून धरू नका. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी हे दोनदा वाचावं, आणि हर्निया किंवा सांध्याचं ऑपरेशन झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

पुढे दर दोन आठवड्यांनी ५ टक्के. घरी एकट्याने करणाऱ्याने २५ टक्क्यांच्या वर जाऊ नये असं माझं म्हणणं आहे. मशीन याहून कितीतरी जास्त देऊ शकतं, व्हिडिओतले पैलवान घेतातही. तुम्हाला त्याची गरज नाही. डोक्यावर हात नेण्याच्या व्यायामांना मी कुणालाच जास्तीचं वजन लावू देत नाही.

दुखणं दुसऱ्या दिवशी येतं, तिसऱ्या दिवशी ओसरायला लागतं. त्या स्नायूला तीन दिवस सुट्टी. पण हात सुजून कोपर सरळच होईना, किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर वाट बघायची नाही. थेट दवाखान्यात. स्नायूंचे तंतू फार फाटले की त्यांतली प्रथिनं रक्तात उतरून मूत्रपिंडांवर ताण देतात.

६. बाकीचे मोड

चेन मोडमध्ये वर जाल तसं वजन वाढतं. बैठकांना उत्तम, कारण खालच्या अडनिड्या जागी भार हलका राहतो. स्पॉटर चालूच ठेवा, तुम्ही अडकलात की तो वजन काढून घेतो. ठरावीक वेगाचा मोड फिजिओने सांगितला तरच.

७. आठवडा कसा लावायचा

तीन दिवस पुरे, मधे एकेक दिवस मोकळा. दुखणाऱ्या स्नायूची तीन दिवसांची सुट्टी मात्र मोडायची नाही, त्या दिवशी दुसरे स्नायू घ्या.

बाकी वेळापत्रक तुमच्या कामावर ठरतं. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत शिफ्ट करणाऱ्यांनी रात्रपाळीहून आल्याबरोबर उतरतं वजन लावू नये, आधी झोप. दिंडोरी-पिंपळगावकडचे द्राक्षबागायतदार माझ्याकडे येतात, त्यांना मी वेगळं सांगते. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी चालू असताना दिवसभर मांडवाखाली हात वर असतात. खांद्याचं काम शेतातच झालेलं असतं. त्या आठवड्यांत मशीनवर फक्त पाय आणि पाठ, तेही साध्या वजनावर. छाटणी संपली की सुद्धा जुन्या आकड्यावर उडी नाही. लग्नसराई, आजारपण, गावाला जाणं, कारण काही असो, दोन आठवड्यांहून मोठा खंड पडला तर जास्तीचं वजन पुन्हा शून्यावर आणा आणि चार सेकंदांपासून सुरुवात करा. या वेळी दोन आठवड्यांऐवजी एका आठवड्यात १० टक्क्यांवर येता येईल.