त्सुनामीतून वाचलेल्या बेटवासीयांच्या आठवणी कशा नोंदवाव्यात

इंडोनेशियातील सिमेउलुए बेटावर १९०७ साली मोठी त्सुनामी आली होती. जमीन जोरात हलली आणि पाठोपाठ समुद्र मागे हटला, की सामानसुमानाचा विचार न करता टेकडी गाठायची, हे तिथल्या वडीलधाऱ्यांनी गोष्टींतून आणि अंगाईगीतांतून पुढच्या पिढ्यांच्या कानांवर घातले. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमारे ७८ हजार वस्तीच्या या बेटाजवळच भूकंप झाला, तरी तिथे केवळ सात जण दगावले. त्या गोष्टींमध्ये काय टिकून राहिले होते, याकडे आठवणी नोंदवणाऱ्याने नीट पाहावे. त्यांत खूण होती, निर्णय होता आणि वाट होती. केवळ दुःख टिपणारी मुलाखत माझ्या मते अर्धीच असते.

मुलाखतीला जाण्यापूर्वी त्या घटनेची उपलब्ध माहिती वाचून घ्यावी: भूकंपाची स्थानिक वेळ, त्या वेळची भरती-ओहोटी, किती लाटा आल्या आणि त्यांपैकी मोठी कोणती. हे ज्ञान समोरच्याची परीक्षा घेण्यासाठी वापरायचे नसते. तो काय सांगतो आहे ते आपल्याला कळावे, एवढाच त्याचा उपयोग. गावाचा जुना नकाशाही जवळ ठेवावा, कारण किनाराच जागेवर राहिला असेल याची खात्री नसते. २००४ च्या भूकंपात निकोबार बेटांची जमीन खचली आणि इंदिरा पॉइंटच्या दीपगृहाचा पाया पाण्यात गेला. अशा ठिकाणी ‘आमचे घर इथे होते’ असे म्हणत माणूस समुद्राकडे बोट दाखवतो. निकोबारमध्ये बाहेरच्या व्यक्तीला प्रवेशासाठी परवाना लागतो आणि गावप्रमुखाला, म्हणजे तिथल्या ‘कॅप्टन’ना, आधी भेटणे रीतीला धरून असते; इतर बेटांवरही असा मान कोणाचा आहे, हे विचारूनच पुढे जावे.

प्रत्यक्ष बोलताना लाटेपासून सुरुवात करू नये. ‘त्या दिवशी उठल्यापासून सांगा’ एवढेच म्हणावे आणि मध्ये न बोलता ऐकावे. ‘लाट किती उंच होती?’ या प्रश्नाला बहुधा ‘नारळाच्या झाडाएवढी’ असे उत्तर मिळते, आणि त्यात खोटेपणा नसतो. समोरून येणारे पाणी भयाने उंचच दिसते. त्याऐवजी घर उभे असेल तर तिथेच जाऊन ‘पाणी कुठवर आले, हात लावून दाखवा’ असे सांगावे. आजी भिंतीवर तळहात टेकवतात, थोडा विचार करून तो चार बोटे खाली आणतात आणि म्हणतात, ‘इथे कॅलेंडर होते, त्याची वरची दोरी कोरडी राहिली.’ त्या तळहातापासून जमिनीपर्यंत टेप लावावी, जोत्याची उंची वेगळी लिहावी आणि टेपसह छायाचित्र घ्यावे. वेळेचेही तसेच आहे. धक्का आणि लाट यांच्यामध्ये किती मिनिटे गेली, हे क्वचितच कोणाला सांगता येते. मात्र त्या अवधीत काय केले ते सर्वांना आठवते. प्रार्थना संपली होती का, होडी कुठवर ओढली होती, मुलाला हाक मारून तो परत आला होता का, हे विचारावे. शक्य असल्यास आणि त्यांची तयारी असल्यास तीच वाट त्यांच्याबरोबर चालून घड्याळ लावावे. वयस्क माणसाच्या चालीला धावण्याचा वेग समजू नये, इतकेच पथ्य.

जे पाहिले, जे नंतर कोणी सांगितले आणि जे दूरदर्शनवर दिसले, त्यांची सरमिसळ होते, विशेषतः २००४ नंतर. ‘हे तुम्ही कुठे उभे राहून पाहिले?’ या एका प्रश्नाने बरेच सुटते. दोन भावांच्या सांगण्यात पहिल्या लाटेआधी समुद्र आटला की नाही याविषयी मतभेद असेल, तर दोन्ही म्हणणी जशीच्या तशी ठेवावीत. पाणी दरवेळी आधी मागे हटतेच असे नाही, आणि एकाच बेटाच्या दोन किनाऱ्यांवर वेगळे चित्र दिसू शकते.

आधीच्या अनुभवाविषयी मात्र आवर्जून विचारावे, कारण आठवण जशी वाचवते तशी फसवतेही. जपानच्या ओकुशिरी बेटावर १९८३ सालच्या त्सुनामीच्या वेळी पळायला अवधी मिळाला होता. १२ जुलै १९९३ च्या रात्री पाणी काही मिनिटांतच आले आणि ‘अजून वेळ आहे’ हा जुना हिशेब काहींना महागात पडला. इंडोनेशियाच्या मेंतावाई बेटांवर २००७ मध्ये जोराचे धक्के बसूनही मोठी लाट आली नव्हती, तर ऑक्टोबर २०१० मध्ये सौम्य, रेंगाळणाऱ्या हादऱ्यानंतर आलेल्या लाटेने ४०० हून अधिक बळी घेतले. हवाईमधील हिलो शहरात १९६० साली चिलीच्या भूकंपानंतर सुमारे १५ तासांनी लाटा पोहोचल्या. भोंगे वाजले होते, तरी बरेच लोक घरीच थांबले आणि ६१ जण मरण पावले. म्हणून ‘त्या वेळी तुम्हाला काय वाटले आणि का वाटले?’ हा प्रश्न चुकवू नये. बाहेरून येऊन वसलेल्या कुटुंबांनाही वगळू नये. सॉलोमन बेटांवर २००७ मध्ये गिझो परिसरात किरिबाटीहून आलेल्या वस्त्यांना मोठी झळ बसली; समुद्राच्या खुणा सांगणारी स्थानिक परंपरा त्यांच्यापाशी नव्हती.

गेलेल्या माणसांविषयी आपण होऊन विचारू नये. सांगणारा स्वतः त्या विषयाकडे वळला तर ऐकावे. आवाज अडखळला की यंत्र बंद करण्याची तयारी दाखवावी आणि घरचे कोणीतरी जवळ असावे. स्मृतिदिनाच्या आसपास मुलाखती टाळाव्यात. शेवटचा भाग नंतरच्या दिवसांविषयी असू द्यावा: गोडे पाणी कुठून आणले, पहिली रात्र कुठे काढली, परत किनाऱ्यावर कोण केव्हा गेले. अशी माहिती अहवालांत फारशी सापडत नाही, शिवाय बोलणाराही त्या क्षणातून हळूहळू बाहेर येतो.

ध्वनिमुद्रण घरात करावे. किनाऱ्यावरचा वारा आणि लाटांचा आवाज निम्मे शब्द खातो. शब्दांकन सांगणाऱ्याच्या बोलीत करावे आणि वारे, खडक, भरती यांची स्थानिक नावे बदलू नयेत. संमती एकदाच घेऊन भागत नाही: मजकूर तयार झाल्यावर तो वाचून दाखवावा, हवे ते गाळू द्यावे आणि नाव द्यायचे की नाही हे तेव्हा पुन्हा विचारावे. एक प्रत कुटुंबाला आणि एक गावच्या शाळेला द्यावी. हिलोच्या पॅसिफिक त्सुनामी म्युझियमसारखी मुलाखती जपणारी संस्था असेल तर तिलाही एक द्यावी, आणि किमान एक प्रत बेटाबाहेर ठेवावी, कारण पुढच्या लाटेत शाळेचे कपाटही वाहून जाऊ शकते.