नवा वर्ग सुरू करताना: मुंबईतल्या माध्यमिक शाळेसाठी मोजणी, तासिका आणि अहवाल

एप्रिलमध्ये शाळा समितीपुढे दोन कागद ठेवावे लागतात. यंदा काय प्रगती झाली हा एक आणि पुढच्या वर्षी नवं काय करणार हा दुसरा. बऱ्याच शाळांत दुसरा कागद आधी तयार होतो. रोबोटिक्स, कोडिंग, स्पोकन इंग्लिश अशी नावं ठरतात, मग पहिल्या कागदात ‘प्रगती समाधानकारक’ असं लिहून टाकलं जातं. हा क्रम उलटा हवा. कोणत्या मुलांचं नेमकं काय अडलंय हे आकड्यांत हाती आलं, की कोणता वर्ग उघडायचा हे बहुतेक वेळा आपोआप ठरतं.

सुरुवात पायाभूत चाचणीने करा, पण जूनमध्ये नको. जूनअखेरपर्यंत प्रवेश चालू असतात आणि गावी गेलेली काही मुलं परतलेली नसतात. जुलैचा पहिला पूर्ण आठवडा योग्य. आठवी आणि नववीच्या प्रत्येक मुलाची दोन कामं घ्यायची.

वाचन एकेकट्याचं घ्या. सहावीच्या पातळीचा, मुलांनी न पाहिलेला साधारण १२० शब्दांचा उतारा द्या आणि नंतर दोन प्रश्न विचारा. एकाचं उत्तर उताऱ्यात सरळ असावं, दुसऱ्याचं वाचलेल्यावरून काढावं लागावं. मुलामागे तीन मिनिटं धरली तर ४० मुलांची तुकडी दोन तासांत होते. दोन शिक्षक व्हरांड्यात दोन बाकांवर बसले तर दोन तासिकांत काम उरकतं. अडखळत वाचूनही दोन्ही उत्तरं बरोबर देणारं मूल आणि घडाघडा वाचून एकही उत्तर न देणारं मूल, यांच्या गरजा वेगळ्या आहेत. दोघांपुढे एकच शेरा लिहू नका.

गणिताला चार प्रश्न आणि वीस मिनिटं पुरतात: ५०३ − २७८, १४३५ ÷ ७, १/२ + १/३, आणि ०.५ व ०.३५ यांत मोठी संख्या कोणती. तपासताना नुसती बरोबर-चूक खूण करू नका, मुलाने लिहिलेलं उत्तर जसंच्या तसं तक्त्यात उतरवा. वजाबाकीत ३७५ आलं असेल तर मूल प्रत्येक घरात लहान अंक मोठ्यातून वजा करतंय, हातचा घेणं त्याला समजलेलंच नाही. २/५ लिहिणारा अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतोय. ०.३५ मोठं म्हणणारा ३५ आणि ५ यांची तुलना करतोय. भागाकाराचं उत्तर २५ आलं, तर मधलं शून्य गळलंय.

या शेवटच्या चुकीवर थोडा वेळ द्यायलाच हवा, कारण नववीतही ती सर्रास दिसते आणि ‘नीट लक्ष दे’ म्हणून सुटत नाही. मुलाच्या हातात शंभराच्या १४, दहाच्या ३ आणि एकेक रुपयाची ५ अशी कागदी नाणी-नोटा द्या आणि सात जणांत वाटायला सांगा. शंभराच्या प्रत्येकाला दोन-दोन मिळतात. दहाच्या तीन नोटा सात जणांना पुरत नाहीत, म्हणजे दहाची नोट कुणालाच नाही. इथे थांबा आणि दशकाच्या घरात ‘कुणालाच नाही’ कसं लिहायचं ते मुलालाच विचारा. मग त्या तीन नोटा मोडून ३० रुपये, त्यात ५ मिळवून ३५, प्रत्येकाला पाच. उत्तर २०५. यानंतर भागाकाराआधी अंदाज सांगायची सवय लावा. १४०० भागिले ७ म्हणजे २००, त्यामुळे २५ हे उत्तर असूच शकत नाही, हे मूल स्वतःच म्हणायला लागतं.

चुका अशा वेगळ्या झाल्या की गटही त्यावरूनच पाडा. सगळ्या ‘कच्च्या’ मुलांचा एकच वर्ग केलात, तर पंधरा दिवसांत निम्मी मुलं कंटाळतात आणि त्या वर्गाला नाव पडतं. नाव पडलं की हजेरी संपते. एका गटात १२ ते १५ मुलं, आणि दर सहा आठवड्यांनी फेरचाचणी. जमलं त्याला लगेच मोकळं करा.

खरी अडचण तासिकेची. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत सकाळचं सत्र सुटतं तेव्हा दुपारची मुलं दारात उभी असतात, वर्ग रिकामा मिळत नाही. दुपारच्या सत्रानंतर थांबवावं, तर क्लासची वेळ होते आणि पावसाळ्यात लोकल रखडल्या की पालकांचे फोन सुरू होतात. सुटल्यानंतरचे वर्ग ऑगस्टच्या पुढे टिकणं कठीण. त्यापेक्षा नववीच्या सगळ्या तुकड्यांची गणिताची तासिका आठवड्यातून दोनदा एकाच वेळी लावा आणि त्या दोन तासिकांपुरत्या तुकड्या मोडून गटांनुसार मुलं बसवा. जादा खोली लागत नाही, जादा वेळही लागत नाही. त्यासाठी गणिताचे शिक्षक त्या वेळी एकत्र मोकळे हवेत, म्हणून या तासिका वेळापत्रकात सगळ्यांत आधी भरायच्या आणि बाकीचे विषय नंतर. हे काम एप्रिलमध्ये, सुट्टी लागण्यापूर्वी. जूनमध्ये तयार वेळापत्रकात जागा शोधू म्हणाल तर ती मिळणार नाही.

वर्ग बंद पडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण प्रॉक्सी, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या तासिकेवर दुसऱ्याला पाठवणं. एखादे शिक्षक रजेवर किंवा निवडणुकीच्या कामावर गेले, की पर्यवेक्षक आधी याच वर्गाच्या बाईंना उचलतात. या दोन तासिकांना प्रॉक्सी लावायची नाही, अशी मुख्याध्यापकांच्या सहीची सूचना स्टाफरूममध्ये लावा आणि ती पाळा.

दुसरा नवा कार्यक्रम विज्ञानाच्या हातकामाचा असेल, तर महागडा संच घेण्याआधी साधा सुरू करा. ४० मुलांचे पाच-पाचचे आठ गट. आठ ब्रेडबोर्ड (सोल्डरिंगशिवाय सर्किट जोडायच्या छिद्रांच्या पट्ट्या), ५० एलईडी (छोटे दिवे), ४७० ओहमचे ५० रेझिस्टर (विजेचा प्रवाह मर्यादित ठेवणारे भाग), नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या व त्यांच्या क्लिपा, जोडतारा आणि व्होल्टेज-प्रवाह मोजायचे दोन मल्टिमीटर. हे सगळं ग्रँट रोडजवळ लॅमिंग्टन रोडवर सुटं मिळतं. रेझिस्टर न लावता एलईडी थेट नऊ व्होल्टला जोडला तर क्षणात जळतो, म्हणून रेझिस्टर आधी वाटा आणि एलईडी नंतर. मुंबईच्या दमट हवेत सामानाची काळजी वेगळीच घ्यावी लागते. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर पावसाळ्यात बुरशी धरते, तारांची टोकं काळी पडतात. झाकण घट्ट बसणारे डबे, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि महिन्यातून एकदा त्या बदलणं किंवा तापवून कोरड्या करणं. जबाबदारी एका माणसाच्या नावाने लिहा.

नववीपासूनचा व्यवसाय शिक्षणाचा विषय हवा असेल, तर तो मंजुरीचा मामला आहे. मंजुरी हातात येईपर्यंत पालकसभेत घोषणा करू नका. कंपनीच्या सीएसआर निधीसाठी, म्हणजे कंपन्या सामाजिक कामासाठी देतात त्या पैशासाठी, संस्थेची सीएसआर-१ नोंदणी (असा निधी घेणाऱ्या संस्थांची सरकारी नोंदणी) आधी तपासा. देणगीत टॅब्लेट मिळत असतील तर दुरुस्ती, इंटरनेट आणि तिसऱ्या वर्षीच्या बॅटरीचा खर्च कोण करणार, हे लेखी घ्या.

फेरचाचण्यांच्या तारखा ठरवताना कॅलेंडर समोर ठेवा. गणपतीच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा सोडा, कोकणातली मुलं गावी असतात. त्या काळात घेतलेल्या चाचणीत उरलेल्यांचेच आकडे येतात आणि ते फसवे असतात. शेवटची चाचणी जानेवारीतच संपवा. शाळा बोर्डाचं परीक्षा केंद्र असेल तर पुढे खोल्या आणि बाक दोन्ही हातात राहत नाहीत.

अहवालात सरासरी देऊ नका. वरच्या दहा मुलांचे गुण वाढले की सरासरी वाढते आणि तळातली मुलं तिथेच राहतात. मुलांची संख्या लिहा, उदाहरणार्थ: ‘जुलैमध्ये ११२ पैकी ४१ जणांना भागाकार येत नव्हता, जानेवारीत त्याच ११२ पैकी १७ जणांना येत नाही.’ ‘त्याच’ हा शब्द महत्त्वाचा. चाळीचा पुनर्विकास सुरू झाला म्हणून वर्षात काही कुटुंबं विरार-बदलापूरला जातात, काही मुलं नव्याने येतात. दोन्ही चाचण्या दिलेलीच मुलं तुलनेत घ्या, गेलेल्यांची आणि आलेल्यांची संख्या खाली वेगळी द्या. आणि उरलेली ती १७ मुलं कोण, त्यांची हजेरी किती, त्यांच्या उत्तरात अजून कोणती चूक दिसते, हा तक्ता अहवालाला जोडा. दहावीच्या वर्गशिक्षकांना जूनमध्ये शाळा उघडेल त्या पहिल्या दिवशी तोच कागद लागणार आहे.