आधी पासपोर्ट, मग लस

इंदूरच्या आमच्या मंडळीतून कुणी युगांडाला पंधरा दिवसांच्या सेवाकार्याला निघालं, की घोळ होतो तो पिवळ्या तापाच्या लसीचा. क्रम असा ठेवा:

१. पासपोर्टची मुदत बघा. संपत आली असेल तर नूतनीकरण आधी. लसीच्या पिवळ्या कार्डावर पासपोर्ट क्रमांक लिहितात. नंतर पासपोर्ट बदलला की दोन्हींचे नंबर जुळत नाहीत.

२. मग सरकारमान्य केंद्रात लस. प्रमाणपत्र १० दिवसांनी लागू होतं, पुढे जन्मभर चालतं.

कार्ड पासपोर्टच्या कव्हरातच खोचा, सामानाच्या बॅगेत नको. परतताना भारतातही विचारतात. नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरण.

अंड्याची ॲलर्जी, गरोदरपण किंवा साठीपुढचं वय असेल तर तिकिटाआधीच डॉक्टरांशी बोला.