बंद पडलेलं लिखाण पुन्हा सुरू झालं, ते असं

लक्षण: लिहायला बसलं की दुसऱ्या परिच्छेदात गाडी अडायची. जे उतरायचं ते सरकारी परिपत्रकासारखं वाटायचं. नवी वही, पहाटेचा गजर, रोज ठरावीक शब्द, सगळं करून झालं. वैताग आला होता.

शेवटी मारबतीवरचा, म्हणजे नागपुरातल्या काळ्या-पिवळ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीवरचा, जुना, अर्धवट लेख काढला. आधी मोठ्यानं वाचला आणि तोंडाला न येणारी वाक्यं पेन्सिलीनं खोडली. 'असून', 'सदर', 'च्या माध्यमातून' हे सगळं गेलं. मग कागद उलटा ठेवला, फोनचा रेकॉर्डर लावला आणि पुण्याहून आलेल्या भाचीला सांगावं तसं बोललो. व्हॉइस टायपिंग वापरू नका. वऱ्हाडी 'काऊन'चं, म्हणजे 'का'चं, ते भलतंच काही करतं. रेकॉर्डिंग ऐकत हातानं लिहिलं, शब्द न सुधारता. दुसऱ्या दिवशी पहिला परिच्छेद उडवला. तो बहुतेकदा घसा खाकरणंच असतो.

फरक बघा. आधी: 'मारबत ही नागपूरची ऐतिहासिक परंपरा असून ती तान्ह्या पोळ्याच्या दिवशी साजरी करण्यात येते.' नंतर: 'तान्ह्या पोळ्याला इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. काळी आली, पिवळी आली की लोक ओरडतात, इडा पीडा घेऊन जा गे मारबत!'

क्रम बदलू नका. आधी बोलून मग खोडायला गेलो, तर जुनीच वाक्यं तोंडात आली. प्रमाणभाषा कुठं ठेवायची हे शेवटी ठरवा. मी संवाद वऱ्हाडी ठेवतो, बाकी साधं.