वाचक मंडळानं वर्षाची अभिजात पुस्तकं कशी निवडावीत

वाचक मंडळ मोडतं ते प्रती न मिळाल्यानं, पानं न संपल्यानं, नाहीतर सगळं वाचून झाल्यावर बोलायलाच काही न उरल्यानं. म्हणून निवडीच्या बैठकीत ‘मराठीतली सर्वश्रेष्ठ कादंबरी कोणती’ हा वाद काढूच नये. विचारायचं ते एवढंच: आपल्या दहा-बारा जणांना हे पुस्तक महिन्याभरात मिळेल का, वाचून होईल का, आणि त्यावरून दोन तट पडतील का?

आधी पानांचा हिशेब. नोकरी, शेती किंवा दुकान सांभाळणारा माणूस रोज दहा पानं वाचतो, महिन्यातले पाच दिवस तेही जमत नाही. म्हणजे महिन्याला अडीचशे पानं. सीमाभागात यात आणखी एक गोष्ट धरावी लागते. मंडळातली तरुण मुलं बरीचशी कन्नड किंवा इंग्रजी माध्यमातून शिकलेली असतात. घरात अस्सल बेळगावी मराठी बोलतात, पण छापील मराठी सावकाश वाचतात. यादीतल्या पुस्तकाची दोन पानं त्यांना घरी मनातल्या मनात वाचायला द्यावीत आणि वेळ बघायला सांगावी. पानाला चार मिनिटांवर लागत असतील तर त्या पुस्तकाला दोन महिने द्यावेत. ही चाचणी बैठकीत मोठ्यानं घेऊ नये. अडखळत वाचलेला मुलगा पुढच्या वेळी येत नाही.

पहिलं पुस्तक त्यामुळे बारीकच हवं. ‘बनगरवाडी’ किंवा ‘रणांगण’ चालतं. दोन्ही छोटी आहेत आणि दोन्हींवर भांडता येतं. ‘रणांगण’चा नायक चक्रधर ज्यू तरुणी हेर्टाशी जसा वागतो त्यात त्याचा दोष किती, यावर तास सहज जातो. जाड पुस्तक घ्यायचंच तर त्याचे तुकडे नीट पडतात का ते बघावं. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ मुळात १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली, म्हणून ती दोन-तीन बैठकांत विभागली तरी तुटत नाही. ‘स्मृतिचित्रे’च्या बाबतीत एक सापळा आहे: संपूर्ण आणि संक्षिप्त अशा दोन्ही आवृत्त्या फिरतात. कोणती वाचायची ते आधीच ठरवलं नाही, तर अर्धं मंडळ ज्या प्रसंगावर बोलतं तो दुसऱ्या अर्ध्याच्या पुस्तकातच नसतो.

प्रतींची चौकशी मतदानाआधी करायची, नंतर नव्हे. बारा जणांना निदान सहा प्रती हव्यात, दोघांत एक. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय, आपल्या तालुक्याचं ग्रंथालय आणि सभासदांची कपाटं इथून किती जमतात ते लिहून काढावं. उरलेल्या कोल्हापूर-पुण्याहून मागवाव्यात. विक्रेता ‘आवृत्ती येणार आहे’ म्हणाला तर ते पुस्तक यंदा नाही असं समजून पुढच्या वर्षाच्या यादीत टाकावं. हिवाळ्यात उचगाव, कडोली, येळ्ळूर अशा गावांत साहित्य संमेलनं होतात. तिथे पुस्तकांचे स्टॉल लागले तर पुढच्या सहामाहीची खरेदी एकदम उरकता येते.

झेरॉक्स काढायची का, हा प्रश्न येतोच. आपल्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूच्या वर्षानंतर साठ वर्षं हक्क (कॉपीराइट) राहतो. हरिभाऊ आपटे १९१९ मध्ये गेले, ज्ञानकोशकार केतकर १९३७ मध्ये. त्यांचा मूळ मजकूर मोकळा आहे. अण्णाभाऊ साठे १९६९ मध्ये गेले, म्हणून ‘फकिरा’ २०२९ अखेरपर्यंत विकतच घ्यायची. जुन्या पुस्तकाला नवी प्रस्तावना किंवा टिपा असतील तर त्यांचा हक्क वेगळा. त्या पानांची प्रत काढू नये. वेगवेगळ्या आवृत्त्या असल्या की पान क्रमांक जुळत नाहीत, म्हणून वाचनाचा टप्पा नेहमी प्रकरणावर सांगावा. १९६२ च्या लेखननियमांआधीची प्रत असेल तर जागोजागी उच्चार नसलेले अनुस्वार दिसतील. सरावलेल्या डोळ्याला त्रास नाही, नवख्याला मात्र ती देऊ नये.

आता नावं सुचवण्याविषयी. प्रत्येकानं एकच पुस्तक सुचवायचं, आणि ते स्वतः वाचलेलं असलं पाहिजे. ही अट नसेल तर लोक कॉलेजच्या अभ्यासक्रमातली किंवा नुसती ऐकीव नावं सांगतात, आणि यादीत पाच ऐतिहासिक कादंबऱ्या जमतात. तीन मिनिटं बोलायचं, मग मधलं कुठलंही एक पान वाचून दाखवायचं, पहिलं नव्हे. पहिली पानं सगळीच बरी असतात. शेवटी एक प्रश्न सांगायचा ज्यावर मंडळात मतभेद होतील. ‘भाषा फार सुंदर आहे’ हे कारण धरू नये. त्यावर सगळे मान डोलावतात आणि चहा लवकर येतो.

मतदान हात वर करून घेऊ नये. निवृत्त सरांनी हात वर केला की त्यांचे दोन विद्यार्थी आणि शेजारच्या काकू त्यांच्यामागे जातात. चिठ्ठ्या घ्याव्यात. चिठ्ठीवर एकच नावही नको: बारा जण, नऊ पुस्तकं आणि प्रत्येकी एक मत असेल तर तीन मतांचं पुस्तक निवडून येतं, आणि नऊ जणांनी ते मागितलेलंच नसतं. त्यापेक्षा ‘मी हे शेवटपर्यंत वाचेन’ अशा सगळ्या नावांपुढे खूण करायला सांगावी. आठ खुणांच्या वर गेलेली पुस्तकं घ्यावीत. बरोबरी झाली तर भिशीसारखी चिठ्ठी उचलावी. एखाद्याला एखादं पुस्तक मुळीच नको असेल तर वर्षातून एकदा नकार द्यायची मुभा ठेवावी, कारण न विचारता.

यादी तयार झाली की तीत या भागाचं काय आहे ते बघावं. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) लिहिणारे बाबा पदमनजी बेळगावात जन्मले. विधवांच्या प्रश्नावरची ही कादंबरी हरिभाऊंच्या आधी घेतली तर दोन्हींची तुलना आपोआप होते. बेळगावच्या कवयित्री इंदिरा संतांचा आख्खा संग्रह घेऊ नये, आठ-दहा कविता पुरतात आणि त्या मोठ्यानं वाचायच्या. प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ (१९९४) अभिजात म्हणायला फार नवं आहे असं कुणीतरी म्हणेल. म्हणू द्यावं. त्यातल्या लंपन या मुलाची बोली सीमाभागाच्या वाचकाला टिपेशिवाय कळते.

वर्षात एक पुस्तक कन्नडमधून आलेलं असावंच. भैरप्पांचं ‘वंशवृक्ष’ उमा कुलकर्णींच्या अनुवादात घेता येतं. ज्यांना कन्नड वाचता येतं त्यांनी मूळ वाचावं आणि एकाच प्रसंगाची दोन्ही पानं शेजारी ठेवावीत. मराठी सावकाश वाचणारी मुलं त्या दिवशी जाणकार ठरतात, हा फायदा वेगळाच. गिरीश कर्नाडांचं ‘तुघलक’ हे नाटक विजय तेंडुलकरांच्या अनुवादात एकाच बैठकीत भूमिका वाटून वाचता येतं, आणि त्याला घरचा अभ्यास लागत नाही.

म्हणूनच ते जुलैत ठेवावं. खानापूरकडे तेव्हा भाताची लावणी असते, अडीचशे पानांना कुणाला सवड नसते. नोव्हेंबरात भातकापणी येते आणि चिकोडी-अथणीकडे ऊसतोड सुरू होते, तिथे कविता. मार्चमध्ये परीक्षा, मेमध्ये लग्नं. जाड पुस्तकं ऑगस्ट-सप्टेंबर आणि डिसेंबर-जानेवारीत बसतात. गणपतीच्या आठवड्यात बैठक लावू नये, कोणी येत नाही. दहा पुस्तकं ठरवून दोन महिने मोकळे सोडावेत, कारण एखादी प्रत हमखास उशिरा पोचते.

बैठकीला दहा दिवस असताना कोण कुठवर आलं ते विचारावं. निम्म्याहून जास्त जण पहिल्या पन्नास पानांतच अडकले असतील तर तारीख ढकलावी, आणि त्याच पुस्तकावर दुसऱ्यांदा तसं झालं तर पुस्तक सोडून यादीतलं पुढचं घ्यावं. प्रती परत गोळा करण्याचं काम ज्यानं ते सुचवलं त्याच्याकडे द्यावं.