कॅट झाली, पण आयआयएमचा निकाल बाकी: मधले महिने कसे काढावेत?

आयआयएम या व्यवस्थापन संस्थांच्या एमबीए प्रवेशासाठीची कॅट परीक्षा बहुधा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते आणि आयआयएमचा शेवटचा निर्णय कळेपर्यंत एप्रिल-मे उजाडतो. वेटिंगवर असाल तर जूनसुद्धा. माझ्या सांगलीच्या भाचीचा हा काळ मी जवळून पाहिला. पहिला दीड महिना तिने फक्त मेल उघडून बघण्यात घालवला. त्या दिवसांत निवांत झाली असती अशी कामं मग फेब्रुवारीत रडत-धावत केली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

१. आधी फाईल लावा

कॅटच्या अर्जाची प्रिंट काढा आणि एकेक आकडा मूळ कागदाशी ताडून पाहा: दहावी-बारावीचे टक्के, पदवीचे गुण, नोकरीचे महिने. कॉल, म्हणजे मुलाखतीचं बोलावणं, देताना संस्था याच माहितीवर विसंबतात आणि मुलाखतीच्या वेळी मूळ कागद तपासतात. तफावत सापडली तर लपवू नका, त्या संस्थेला आधीच मेल करून कळवा. शेवटच्या वर्षाला असाल तर प्राचार्यांच्या सहीचं पत्र लागतं. परीक्षेच्या गडबडीत ते मिळायला वेळ लागतो, आत्ताच मागा.

दाखल्यांची गोष्ट नीट वाचा, कारण आपल्याकडची मुलं इथेच अडकतात. ओबीसींना केंद्र सरकारच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागतं, राज्याच्या नमुन्यातलं चालत नाही. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, हेही आधी पाहा. मराठा समाजाचं एसईबीसी आरक्षण राज्यापुरतं आहे, आयआयएममध्ये ते लागू होत नाही. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, दाखला त्या-त्या आर्थिक वर्षापुरता असतो, म्हणून कोणत्या तारखेनंतरचा हवा ते संस्थेच्या सूचनेत शोधा. भाचीने राज्याच्या नमुन्यातला दाखला आणला होता. मुलाखत आठ दिवसांवर आली तेव्हा चूक लक्षात आली, आणि माझा भाऊ चार दिवस कामावर न जाता तहसीलच्या रांगेत उभा राहिला.

२. मेल दिवसातून दोनदाच

सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, स्पॅमसकट. अर्जात दिलेला मोबाईल नंबर आणि मेल आयडी प्रवेश होईपर्यंत बदलू नका. टेलिग्राम ग्रुपवर रोज नवी आवई उठते, तिच्यावर एक रात्रही घालवू नका. घरच्यांना एकदाच बसवून सांगा, की काही कळलं तर मीच सांगेन, तोवर विचारू नका. आईवडिलांनाही त्याने बरं वाटतं, कारण काय विचारावं ते त्यांनाही सुचत नसतं.

३. मुलाखतीची तयारी कॉल येण्याआधीच

जुन्या संस्था आपापली मुलाखत घेतात. काही नव्या आयआयएम मिळून एकच मुलाखत घेतात, तिला कॅप म्हणतात. समोर दोन-तीन जण असतात, वेळ साधारण पंधरा ते पंचवीस मिनिटं. बहुतेक ठिकाणी थोडं लेखनही असतं. त्यासाठी रोज एका अग्रलेखावर, घड्याळ लावून, पानभर लिहा. तेवढं पुरे.

खरी मेहनत आहे ती स्वतःविषयीच्या प्रश्नांवर. पदवीतले आवडते दोन विषय पक्के करा आणि नोकरीत नेमकं काय करता ते आजीला कळेल अशा भाषेत सांगून बघा. मग आपलं गाव. भाचीची सराव मुलाखत तिच्या निवृत्त सरांनी घेतली. त्यांनी विचारलं, "सांगलीची हळद कशासाठी प्रसिद्ध आहे?" ही म्हणाली, "चांगली असते म्हणून." सर हसले नाहीत. "पेव पाहिलंस कधी?" जन्म सांगलीत गेला, पण पेव पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी हरिपूरला गेलो. जमिनीखालची ती कोठारं, अरुंद तोंड आणि आत पोटासारखी फुगलेली. तिथल्या एका आजोबांनी २००५च्या पुराने पेवांचं काय केलं ते सांगितलं, ते ही वहीत उतरवत होती. सांगलीच्या हळदीला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे तिला त्यानंतर शोधताना कळलं. प्रत्यक्ष मुलाखतीतली सात-आठ मिनिटं याच विषयावर गेली: पेवांऐवजी गोदामं का आली, दर कोण ठरवतं, शेतकरी माल कधी विकतो. काही प्रश्नांना तिने "माहीत नाही सर" असं सरळ सांगितलं, आणि त्याने काही बिघडलं नाही.

मधल्या काळात बढती मिळाली किंवा सेमिस्टरचा निकाल लागला, तर त्याचे कागद सोबत न्या आणि मुलाखतीत सांगा. संस्थेने स्वतःहून मागितल्याशिवाय पत्रं पाठवत बसण्यात काही हाशील नाही.

४. दुसरी वाट उघडी ठेवा

राज्याच्या एमबीए सीईटीचा अर्ज भराच. जमनालाल बजाज आणि सिडनहॅमसारख्या मुंबईतल्या संस्थांचा रस्ता तिथून जातो.

५. पैशांची सोय निकालाआधी

प्रवेश पक्का करायला मोजके दिवस मिळतात आणि पहिला हप्ता लाखांत असू शकतो. बँकेत जाऊन आयआयएमसाठीच्या कर्जाची चौकशी आधीच करा. केंद्राने नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत, यादीतल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं.

६. वेटिंग आलं तर

घाबरू नका. एकाच मुलाच्या हातात तीन-चार ठिकाणचे प्रवेश असतात. वरची संस्था मिळाली की तो खालची सोडतो आणि यादी सरकते. म्हणूनच वरच्या संस्थांची वेटिंग थोडी हलते, नव्यांची बरीच. पैसे भरताना परताव्याची शेवटची तारीख लिहून ठेवा, आणि जी जागा घ्यायची नाही ती त्याच दिवशी सोडा, खाली कुणीतरी आपल्यासारखंच थांबलेलं असतं.

भाचीचा वेटिंग नंबर ३१२ होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात दुपारी मेल आला, तेव्हा ती आईबरोबर पापड वाळत घालत होती. कर्जाची मंजुरी हातात होती, पैसे संध्याकाळच्या आत भरले गेले.